मनगट मोडले, रिपोर्टात ‘ऑस्टिओपेनिया’ आले: आईला इंजेक्शन द्यावे की नुसते कॅल्शियम?

तुम्ही डोंबिवलीहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६६. अडीच महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, पडताना हात टेकला आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हाड नीट जुळले. त्यानंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. तीत मांडीच्या हाडाच्या मानेचा टी-स्कोअर उणे २.२ आणि कमरेच्या मणक्यांचा उणे १.९ आला, आणि खाली निष्कर्ष लिहिला आहे ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे हाडांची घनता थोडी कमी. व्हिटॅमिन डी ९, म्हणजे फारच कमी आहे. एक डॉक्टर म्हणतात की ऑस्टिओपेनिया हा आजार नव्हे, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पुरे आहे. दुसरे म्हणतात की वर्षातून एकदा घ्यायचे, हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडचे सलाईन पुढच्याच आठवड्यात लावून टाकू. शेजारच्या काकूंनी ‘त्या इंजेक्शनाने जबडा सडतो’ असे सांगितल्यामुळे आई घाबरल्या आहेत. आणि तुम्ही स्वतः ४१ वर्षांच्या आहात, तर तुम्हीही तपासणी करावी का, हा शेवटचा प्रश्न.

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे आणि सत्तावीस वर्षे मुंबईत काम करतो आहे. आईंना मी तपासलेले नाही, एक्स-रे पाहिलेले नाहीत, म्हणून शेवटचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. पण तुम्ही बरेच तपशील दिले आहेत आणि त्यांवरून मला असे दिसते की दोन्ही डॉक्टरांचे अर्धे-अर्धे बरोबर आहे. प्रश्न ‘हे की ते’ असा नाही, आधी काय आणि मग काय, असा आहे. तो क्रम चुकला तर चांगले औषधही अपाय करू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात मनगटापासून करू. उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून पन्नाशीनंतर हाड मोडले, तर ‘ओली फरशी होती, कोणीही पडले असते’ एवढ्यावर विषय सोडू नये. कोणीही पडले असते हे खरे, पण कोणाचेही हाड मोडले असते हे खरे नाही. असे एक हाड मोडलेल्या व्यक्तीचे पुढे दुसरे हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि पहिली दोन वर्षे त्यातल्या त्यात जास्त जोखमीची असतात. मनगट, मग मणके, मग खुबा, अशा क्रमाने हाडांच्या ठिसूळपणाचा हा आजार वयाबरोबर वर चढताना आम्ही पाहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी मनगटाचे प्लास्टर काढत असे, बोटांचे व्यायाम दाखवत असे आणि रुग्णाला निरोप देत असे. लालबागच्या एक मावशी चार वर्षांनी खुबा मोडून स्ट्रेचरवरून आल्या. त्यांच्या मुलाने जुना केसपेपर जपून ठेवला होता. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘प्लास्टर काढले. व्यायाम समजावला.’ त्याखाली कागद कोरा होता. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी किंवा औषध यांबद्दल एक अक्षरही मी लिहिलेले नव्हते. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या कोणाचेही प्लास्टर काढताना मी त्या कोऱ्या जागेत काहीतरी लिहिल्याशिवाय पेपर परत देत नाही.

आता तुमच्या डेक्साच्या रिपोर्टाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी व्यक्तीच्या हाडाच्या घनतेशी केलेली तुलना. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मोजमापाप्रमाणे उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान ऑस्टिओपेनिया आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार. ही रेषा माणसांनी सोयीसाठी आखलेली आहे. उणे २.४ ला हाड सुरक्षित आणि उणे २.६ ला धोक्यात, असे शरीरात काही घडत नसते. किंबहुना ठिसूळपणामुळे मोडणाऱ्या हाडांपैकी पुष्कळ हाडे ऑस्टिओपेनियाच्या गटातल्या लोकांचीच असतात, कारण त्या गटात माणसेच जास्त आहेत.

तुम्ही कमरेच्या, वरून खाली मोजलेल्या चारही मणक्यांचे आकडे वेगवेगळे लिहून पाठवले, हे फार चांगले केले. एल-१ उणे २.८, एल-२ उणे २.६, एल-३ उणे १.५ आणि एल-४ उणे ०.७. आता हे चार आकडे एकाखाली एक ठेवून बघा. एकाच बाईच्या एकावर एक असलेल्या मणक्यांमध्ये एवढी तफावत का असावी? साठीनंतर कमरेच्या खालच्या मणक्यांची झीज होते, कडांना हाड वाढते, सांधे जाड होतात. डेक्साचे यंत्र समोरून जाणाऱ्या किरणांच्या वाटेत जेवढे कॅल्शियम येईल तेवढे मोजते. झिजेमुळे वाढलेले, आधाराला निरुपयोगी असलेले हाडही त्यात धरले जाते. त्यामुळे एल-३ आणि एल-४ हे खऱ्यापेक्षा मजबूत दिसत असण्याची शक्यता मोठी आहे. मणका दबून चपटा झाला असेल तरीही तो यंत्राला जास्त घन दिसतो. शेजारच्या मणक्यापेक्षा एकाहून अधिक टी-स्कोअरचा फरक असेल, तर प्रतिमा पाहून तो मणका सरासरीतून वगळावा आणि किमान दोन मणके उरले पाहिजेत, असा या तपासणीचा नियमच आहे. तसे केले तर आईंचा मणक्याचा आकडा उणे २.७ च्या आसपास जातो. म्हणजे ज्या कागदावर ‘ऑस्टिओपेनिया’ छापले आहे, त्याच कागदातले आकडे ऑस्टिओपोरोसिस असल्याचे सांगत आहेत. रिपोर्टासोबत मिळालेली प्रतिमा डॉक्टरांना दाखवा आणि हा प्रश्न थेट विचारा. निष्कर्षाची ओळ बहुतेक वेळा यंत्रच सरासरीवरून छापते.

सोसायटीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून जी तपासणी झाली होती, ती मी हिशेबात धरत नाही. टाचेच्या अल्ट्रासाउंडवरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येत नाही आणि त्यावरून औषध सुरूही करू नये. त्यातून फार तर पुढे डेक्सा करावी की नाही याचा अंदाज येतो.

पण डेक्सापेक्षाही मला जास्त महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुमच्या प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता आले आहे. ‘आई हल्ली म्हणते की लोकलमधली कडी हाताला येत नाही, पूर्वी सहज यायची.’ तुम्ही ते खांदा आखडल्याचे लक्षण म्हणून लिहिले आहे. खांदा आखडलेला असूही शकतो. पण मी असे वाक्य ऐकले की आधी उंची मोजतो. ‘नऊवारी नाही, साधी साडीही लांब पडते, कमरेला जास्त खोचावी लागते’ असे सांगणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात, आणि त्यांच्यातल्या कित्येकींच्या पाठीचे एक किंवा दोन मणके कधीच दबलेले असतात. मणक्याचे असे फ्रॅक्चर बहुधा पडून होत नाही. बादली उचलताना, गादी झाडताना, कधी काहीच न करता मणका दबतो. दोन आठवडे पाठ दुखते, घरचे लोक बाम चोळतात आणि दुखणे ओसरते. मणक्याच्या अशा फ्रॅक्चरपैकी साधारण दोन-तृतीयांश कधी डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

म्हणून आज संध्याकाळीच एक काम करा. आईंना अनवाणी, टाचा भिंतीला लावून, ताठ उभे करा, डोक्यावर जाड पुस्तक आडवे धरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. जुन्या पासपोर्टवर, विम्याच्या कागदांवर किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत त्यांची तरुणपणची उंची लिहिलेली सापडते का ते पाहा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा अधिक घट असेल, तर मणका दबला आहे असे समजूनच तपासावे. भिंतीला टाचा लावल्यावर डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकत नसेल, किंवा शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये दोन बोटांपेक्षा कमी जागा उरली असेल, तरीही तोच संशय घ्यावा. आणि मग छाती व कमर या दोन्ही भागांच्या मणक्यांचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे. तो कोणत्याही छोट्या केंद्रात निघतो, डेक्सापेक्षा स्वस्त आहे, आणि आईंच्या बाबतीत तो अजून कोणी सांगितलेला नाही याचे मला वाईट वाटते. त्यात दबलेला मणका सापडला, तर टी-स्कोअर काहीही असो, निदान पक्के होते. कारण असा मणका सापडलेल्या पाच स्त्रियांपैकी साधारण एकीचा आणखी एक मणका वर्षभरात दबतो.

आता दुसऱ्या डॉक्टरांच्या घाईबद्दल. औषध लागेल, याबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. पण पुढच्या आठवड्यात नको. व्हिटॅमिन डी ९ असताना झोलेड्रॉनिक ॲसिड दिले तर रक्तातले कॅल्शियम एकदम घसरू शकते. हे औषध हाडातून कॅल्शियम बाहेर पडण्याची वाट बंद करते, आणि व्हिटॅमिन डी नसल्यामुळे आतड्यातून आत येण्याची वाट आधीच अरुंद झालेली असते. मग बोटांना मुंग्या, हातापायांत गोळे, क्वचित त्याहून गंभीर त्रास.

त्याहून महत्त्वाची एक शंका आहे. आईंना जमिनीवर बसले की उठता येत नाही, मांड्या दुखतात आणि जिना चढताना कठड्याला धरून ओढावे लागते, असे तुम्ही लिहिले आहे. हे ऑस्टिओपोरोसिसचे लक्षण नव्हे. ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत दुखत नाही. मांड्या दुखणे आणि बैठकीतून उठता न येणे हे ऑस्टिओमलेशियाकडे, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या दीर्घ कमतरतेमुळे हाडात खनिज नीट न भरण्याकडे, बोट दाखवते. डेक्साच्या यंत्राला या दोघांतला फरक कळत नाही, दोन्हींत आकडा खालीच येतो. मुंबई परिसरात हे दुखणे मला सर्रास दिसते. इमारतीला इमारत खेटलेली, सकाळी आठच्या आत डबे भरून कामाला निघायचे, परतताना अंधार पडलेला, सुट्टीचा दिवस घरकामात, आणि खिडकीतून येणारे ऊन काचेआडून आले तर व्हिटॅमिन डीसाठी त्याचा उपयोग शून्य, कारण लागणारे किरण काच अडवते. पावसाळ्याचे चार महिने तर विचारायलाच नको. सकाळच्या कोवळ्या उन्हानेही फारसे साधत नाही. व्हिटॅमिन डी तयार होते ते साधारण अकरा ते दोनच्या उन्हात.

म्हणून औषधाआधी रक्ताच्या काही तपासण्या हव्यात: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, पॅराथायरॉइड हार्मोन, टीएसएच, हिमोग्राम आणि ईएसआर. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आणि फॉस्फरस कमी असेल तर ऑस्टिओमलेशिया नक्कीच मनात धरावा. मात्र अडीच महिन्यांपूर्वी मोडलेले हाड भरून येतानाही अल्कलाइन फॉस्फटेज काही काळ वाढलेले असते, हे लक्षात ठेवावे. पॅराथायरॉइड आणि कॅल्शियम दोन्ही वाढलेले असेल तर आजाराचे मूळ मानेतल्या ग्रंथीत आहे. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर बरेच वाढलेले आणि पाठदुखी असे एकत्र दिसले तर मल्टिपल मायलोमा या रक्तपेशींच्या कर्करोगासाठी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करावे. टीएसएच मी खास सांगतो आहे, कारण आई बारा वर्षे थायरॉइडची गोळी घेत आहेत. डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर तीच गोळी हाड झिजवते. रोज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे खरोखर लागते आहे का, हेही विचारा. स्टेरॉइडबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. दम्यासाठी, सांध्यांसाठी, किंवा वैदूकडच्या बिनलेबलच्या पुड्यांमधून ती पोटात गेली आहेत का, हे आईंना शांतपणे विचारून घ्या. आणि मशेरी, म्हणजे भाजलेली तंबाखू, लावतात का, हेही. हा प्रश्न मी लेकी-सुनांसमोर विचारत नाही, कारण त्यांच्यासमोर खरे उत्तर मिळत नाही.

व्हिटॅमिन डी भरून काढण्यासाठी मी साधारणपणे ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्याला एक, असे आठ आठवडे देतो, जेवणानंतर किंवा दुधातून, आणि मग महिन्याला एक. आठवड्याचे पाकीट कोणी चुकून रोज घेतले, तर काही आठवड्यांत मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळ आणि मूत्रपिंडावर ताण येऊन रुग्ण भरती होतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून पाकिटांवर पेनाने तारखा घालून ठेवा. ‘एकदाच मोठे इंजेक्शन घेऊन टाकू’ हा मार्गही नको. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी न होता उलट वाढले.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम लागते. दोन कप दूध किंवा तेवढे दही-ताक यांतून साधारण ५०० ते ६००, नाचणीच्या एका भाकरीतून दीडशे-दोनशे, आणि बाकीचे तीळ, राजगिरा, पालेभाज्या यांतून. घरात मासे चालत असतील तर काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट, मांदेली ही उत्तम सोय आहे. जे कमी पडेल तेवढेच गोळीतून द्यावे. आई ॲसिडिटीची गोळी घेतात, म्हणून त्यांना कॅल्शियम सायट्रेट बरे. कार्बोनेट असेल तर ते जेवणासोबतच घ्यावे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे, नाहीतर थायरॉइडची गोळी शोषलीच जात नाही. मला कॅल्शियमपेक्षा जास्त काळजी प्रथिनांची वाटते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेले खायचे आणि रात्री ‘भूक नाही’ म्हणून चहा-खारीवर भागवायचे, असे वर्षानुवर्षे केलेल्या बाईच्या मांडीत स्नायूच उरत नाही, आणि पडताना सावरायचे काम तो स्नायूच करतो. आईंच्या ताटात दोन्ही वेळा वाटीभर घट्ट डाळ, उसळ, पनीर, अंडे किंवा मासे, यांतले काही येते का, हे आठवडाभर बघा.

पहिल्या डॉक्टरांचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. पण इथे थांबणे बरोबर नाही. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी हा विटा-सिमेंटचा पुरवठा आहे. पाळी गेल्यानंतर हाड तोडणाऱ्या पेशींचा वेग बांधणाऱ्या पेशींपेक्षा जास्त असतो, आणि तो वेग नुसत्या पुरवठ्याने कमी होत नाही. २०१८ मध्ये न्यूझीलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६५ वर्षांपुढच्या, ऑस्टिओपेनिया असलेल्या २,००० स्त्रियांना दर दीड वर्षाने एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा नुसते सलाईन दिले. सहा वर्षांत औषध घेणाऱ्या गटात ठिसूळपणाची फ्रॅक्चर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे ‘ऑस्टिओपेनियाला औषध नसते’ हे विधान आईंच्या वयात आणि त्यांच्या इतिहासात टिकत नाही. आजीचा, म्हणजे आईंच्या आईचा, खुबा मोडला होता असेही तुम्ही लिहिले आहे. शेफील्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेल्या फ्रॅक्स या, पुढे हाड मोडण्याचा धोका काढणाऱ्या गणितात आईवडिलांच्या खुब्याचे फ्रॅक्चर आणि स्वतःचे आधीचे फ्रॅक्चर, दोन्ही धोका वाढवणारी म्हणून धरली जातात. भारतासाठीचे फ्रॅक्सही उपलब्ध आहे. डॉक्टरांना ते तुमच्यासमोर भरायला सांगा.

औषध कोणते, हे मात्र एक्स-रेवर अवलंबून आहे. मणके शाबूत असतील तर माझी पहिली पसंती बिस्फॉस्फोनेट गटाला, म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड ज्यात येते त्या झीज रोखणाऱ्या औषधांना. त्यात आठवड्याची ७० मिलिग्रॅम अलेंड्रोनेटची गोळी हा जुना, स्वस्त आणि पुराव्याने सिद्ध मार्ग आहे. पण ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही, चहासुद्धा नाही. आईंना जुनी ॲसिडिटी आहे आणि सकाळची उपाशीपोटीची जागा थायरॉइडच्या गोळीने आधीच घेतली आहे, म्हणून त्यांना ५ मिलिग्रॅम झोलेड्रॉनिक ॲसिडचे वार्षिक सलाईन जास्त सोयीचे पडेल. २००७ च्या मोठ्या अभ्यासात त्याने तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी केली. अटी तीन: व्हिटॅमिन डी भरलेले हवे, कॅल्शियम सामान्य हवे, आणि मूत्रपिंडाची क्षमता, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, ३५ पेक्षा कमी नसावी. सलाईन किमान १५ मिनिटे चालावे. मी अर्धा तास चालवतो आणि आधी दोन पेले पाणी प्यायला लावतो. पहिल्या वेळी साधारण तीनांतल्या एकाला दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी होते. पॅरासिटामॉलने ते दोन-तीन दिवसांत उतरते आणि पुढच्या वर्षी सहसा एवढे होत नाही. हे आधी सांगितले नाही तर घरचे लोक घाबरतात आणि दुसरा डोस घ्यायला येत नाहीत.

एक्स-रेत दोन किंवा अधिक मणके दबलेले दिसले, तर मी वेगळा विचार करीन. अशा वेळी आधी हाड बांधणारे औषध, म्हणजे टेरिपॅराटाइडचे रोज पोटावर घ्यायचे छोटे इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि ते संपल्यावर लगेच झोलेड्रॉनिक ॲसिड. मागून ते दिले नाही तर कमावलेले हाड पुन्हा उतरते. हे इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावे लागते, खर्च जास्त आहे, आणि पूर्वी हाडांवर किरणोपचार झालेल्यांना ते देत नाहीत.

कोणी दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन सुचवले, तर एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा: तारीख चुकवायची नाही. औषध चांगले आहे, पण ते थांबले की हाड फार झपाट्याने झिजते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबू शकतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या दोन रुग्णांना वेळेवर डोस मिळाला नाही. त्यांच्यातली एक शिक्षिका होती. त्या वर्षाच्या अखेरीस ती तीन दबलेले मणके घेऊन आली. ते थांबवायचेच असेल तर मागून बिस्फॉस्फोनेट द्यावेच लागते.

जबड्याबद्दल काकूंनी सांगितलेले खोटे नाही, पण अपुरे आहे. कर्करोग हाडात पसरलेल्या रुग्णांना हीच औषधे जवळजवळ दर महिन्याला, म्हणजे कितीतरी जास्त प्रमाणात देतात, आणि जबड्याचा त्रास मुख्यतः त्यांच्यात दिसतो. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये हा धोका वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक एवढा आहे. तोही कमी करता येतो: सलाईनच्या आधी दंतवैद्याला दाखवा, काढायची दाढ असेल ती आधी काढून जखम भरू द्या. व्हिटॅमिन डीचे आठ आठवडे त्यासाठी पुरतात. मांडीच्या हाडाचे वेगळ्या प्रकारचे फ्रॅक्चर हा दुसरा दुर्मीळ परिणाम बहुधा बरीच वर्षे औषध घेतल्यावर दिसतो. म्हणून सलाईनची तीन वर्षे किंवा गोळीची पाच वर्षे झाली की थांबून फेरविचार करायचा, आणि मधल्या काळात जांघेत किंवा मांडीत विनाकारण दुखू लागले तर लगेच एक्स-रे काढायचा.

औषधाचा परिणाम दिसायला महिने लागतात, बाथरूम मात्र आजही ओलेच आहे. आई ज्या जागी पडल्या ती जागा डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे बादली, तांब्या आणि प्लास्टिकचा बुटका स्टूल एवढ्याशा जागेत असतात, साबणाचे पाणी उंबऱ्याशी साचते, आणि उठताना हात नळाला किंवा टॉवेलच्या दांडीला जातो. दोन्ही वजन पेलण्यासाठी बसवलेली नसतात. भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा एक कमोडजवळ आणि एक आंघोळीच्या जागी, फरशीवर रबरी जाळीची चटई, उंच आणि मजबूत स्टूल, रात्री संडासपर्यंतच्या वाटेवर जळता राहणारा छोटा दिवा, एवढे या रविवारी करून घ्या. झिजलेली रबरी चप्पल फेकून द्या. रात्रीची झोपेची गोळी किंवा ब्लड प्रेशरच्या गोळीने उठताना येणारी चक्कर, आणि पिकलेला मोतीबिंदू, यांची चौकशी करा. निदान एक वर्ष गर्दीच्या वेळची लोकल आणि धावत्या गाडीतून उतरण्याची सवय बंद.

व्यायाम हवाच: रोज अर्धा तास चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे दहा वेळा, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, आणि मनगट सुधारल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली थोडे थोडे वजन. पण सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गात त्या जात असतील, तर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन आणि सूर्यनमस्कारातले पुढे वाकणे एक्स-रे येईपर्यंत थांबवा. १९८४ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या छोट्या अभ्यासात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ज्या स्त्रियांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले, त्यांच्यातल्या ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. गहू निवडणे, भाजी चिरणे हेही टेबलावर, पाठ सरळ ठेवून.

थोडक्यात क्रम असा: या आठवड्यात उंची, मणक्यांचा एक्स-रे, रक्त आणि दात, पुढचे आठ आठवडे व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, प्रथिने आणि बाथरूमची दुरुस्ती, मग व्हिटॅमिन डी व कॅल्शियम पुन्हा तपासून औषध. मांड्यांचे दुखणे आणि उठण्याचा त्रास या काळात कमी झाला, तर ऑस्टिओमलेशियाची शंका खरी होती असे धरून डेक्सा जरा उशिरा, वर्षभराने, पुन्हा करावी. ती त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा, नाहीतर तुलना करता येत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल. ४१ व्या वर्षी, पाळी नियमित असताना, हाड मोडलेले नसताना आणि स्टेरॉइड चालू नसताना डेक्साची गरज नाही. एरवी ही तपासणी स्त्रियांनी पासष्टीला करावी. पाळी लवकर गेली, वजन फार कमी असेल किंवा आधी हाड मोडले असेल तर पाळी गेल्यावर लगेच. आजीचा खुबा आणि आईचे मनगट पाहता तुम्ही पाळी जाताच डेक्सा करावी असे मी सांगेन, कारण त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाड सर्वांत वेगाने झिजते. घरात वडील असतील आणि सत्तरीच्या आसपास असतील, तर त्यांचीही उंची त्याच भिंतीवर मोजून घ्या. जगभरच्या आकडेवारीनुसार पन्नाशीपुढच्या पाच पुरुषांपैकी एकाचे हाड ठिसूळपणामुळे मोडते, आणि पुरुषांना तपासणीला आणायला कोणालाच सुचत नाही. एक्स-रे आणि रक्ताचे आकडे आले की इथेच कळवा. मणके दबलेले आहेत की नाहीत, एवढे कळले तरी मला औषधाबद्दल याहून नेमके लिहिता येईल.